करमुक्त, पण कोणाच्या करातून?

आमच्याकडे, म्हणजे न्यू जर्सीत, संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी होतं, आणि पगाराचे डब्ल्यू-टू हातात पडायचे दिवसही नेमके तेच. मी हिशेबाची कामं करते हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तिळगूळ देता देता दरवर्षी कोणीतरी मला बाजूला घेतं. विचारणारा बहुधा गेल्याच वर्षी एच-वनवर आलेला असतो. आणि खरं सांगायचं तर त्याला उत्तर नको असतं, होकार हवा असतो. "ताई, एनआरईचं व्याज टॅक्स-फ्री असतं ना? मग इथे दाखवायची भानगड नाही ना?"

आहे, भानगड आहे. गोड बोलायचा सण असतो म्हणून तिथे मी हळू आवाजात सांगते. इथे तसं बंधन नाही.

हा समज येतो कुठून ते उघड आहे. भारतातल्या बँकेत एनआरई खातं उघडताना समोरचा माणूस पहिलं वाक्य हेच टाकतो: सर, हे व्याज पूर्ण करमुक्त आहे. तो खोटं बोलत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(४) ने अनिवासी भारतीयाच्या एनआरई व्याजाला सूट दिली, कारण सरकारला परदेशातून पैसा यायला हवा होता. पण दिल्लीतली संसद माफ करू शकते तो भारताचा कर. अमेरिकेचा कर माफ करण्याचा अधिकार तिला कोणी दिला? मुंबईच्या वेशीवर, वाशीला आणि दहिसरला, २०२४ च्या ऑक्टोबरपासून मोटारींना टोल माफ आहे. म्हणून खालापूरच्या नाक्यावरून कोणी गाडी तशीच दामटत नाही.

अमेरिकेचा नियम एका ओळीचा आहे. करापुरते तुम्ही इथले निवासी ठरलात की जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये येतं. ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, शेअरचा लाभांश, सगळं. भारतात ते करपात्र आहे की करमुक्त, हा प्रश्न इथला फॉर्म १०४० विचारतच नाही. पीपीएफचंही तेच. भारतात त्याच्यावर पै लागत नाही, पण अमेरिकेच्या कायद्यात पीपीएफ नावाची सवलत कुठेही लिहिलेली नाही. आणि एफडी मोडली नाही म्हणून व्याज मिळालंच नाही, हा युक्तिवादही टिकत नाही. वर्षाहून जास्त मुदतीच्या ठेवीवरचं व्याज जसं साठतं तसं दर वर्षी दाखवायचं असतं.

इथे मला खरा राग येतो तो रकमेमुळे. समजा, एनआरईत वीस लाखांची एफडी आहे आणि दर सात टक्के. वर्षाचं व्याज एक लाख चाळीस हजार. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साधारण १६५० डॉलर. बावीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्यावर ३६० डॉलरच्या आसपास केंद्रीय कर येतो, वर थोडा राज्याचा. एवढ्यासाठी लोक काय करतात? रिटर्नसोबतच्या शेड्यूल बी मध्ये सरळ प्रश्न असतो: परदेशात तुमचं एखादं बँक खातं आहे का? तिथे 'नाही'वर खूण करतात आणि खाली सही करतात. ती सही खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेली असते, तसं छापलेलं असतं. व्याज विसरणं ही चूक म्हणता येईल. खातं नाही असं लिहून देणं ही चूक नव्हे.

"पण त्यांना कळणार कसं?" हा पुढचा प्रश्न, जरा आवाज उतरवून. अहो, तुमची बँकच सांगते. अमेरिकेने २०१० मध्ये फॅटका कायदा केला आणि भारताने ९ जुलै २०१५ रोजी त्यासंबंधीच्या करारावर सही केली. म्युच्युअल फंडाच्या किंवा बँकेच्या फॉर्ममध्ये 'आपण अमेरिकेचे करनिवासी आहात का' असा रकाना तेव्हापासून दिसायला लागला. आपण तिथे घाईघाईने सही करतो. ती माहिती शोभेसाठी गोळा केलेली नसते.

आता याच गैरसमजाचं दुसरं रूप. "माझं एनआरई नाही, एनआरओ आहे. तिथे टीडीएस कापलाय. मग पुन्हा इथे कशाला?" इथे अर्धं बरोबर आहे, म्हणून समजावायला जास्त वेळ लागतो. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये यासाठी भारत आणि अमेरिकेत करार आहे. पण करार म्हणजे उत्पन्न लपवायची मुभा नाही. आधी उत्पन्न इथे दाखवायचं, त्यावरचा इथला कर काढायचा, आणि मग भारतात भरलेला कर फॉर्म १११६ वर लिहून वजा मागायचा. दाखवल्याशिवाय वजावट नाही. एनआरई व्याजावर तर तिकडे काही कापलेलंच नसतं, तेव्हा वजा काय करणार?

यातला बारकावा आमच्याकडच्या सीएंनाही दर वेळी आठवत नाही. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के कापते. करारात मात्र अशा व्याजावर भारताची कमाल १५ टक्के आहे. वरचे सोळा टक्के तुम्ही भारतात रिटर्न भरून परत मागू शकत होतात. मागितले नाहीत, तर अमेरिका ते वजा देत नाही. तिचं म्हणणं असं की हा कर तुमच्यावर सक्तीचा नव्हता, तुम्ही आपखुशीने सोडून दिलात. कराराचा दर हवा असेल तर आयआरएसकडून, म्हणजे इथल्या करखात्याकडून, फॉर्म ६१६६ हा निवासाचा दाखला मागवायचा आणि भारतात फॉर्म १०एफ भरायचा. आणि राज्याच्या करात कॅलिफोर्निया आणि आमचं न्यू जर्सी परदेशी कराची वजावट मुळीच देत नाहीत, हेही गृहीत धरून चाला.

तिसरं रूप: "पैसे मी इकडे आणलेच नाहीत." ही ऐकीव माहिती ब्रिटनमधल्या चुलत भावाकडून आलेली असते. तिथे पूर्वी बाहेरून आलेल्यांना, पैसा देशात आणला तरच कर, अशी सोय मिळायची. ती सोय त्यांनीही एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. अमेरिकेत ती कधीच नव्हती.

एवढं सगळं ऐकून झालं की माणूस घाबरून उलट्या टोकाला जातो आणि जानेवारीपासूनचा पुण्याचा पगारही इथे दाखवायला निघतो. थांबा. पहिलं वर्ष वेगळं असतं, आणि इथे मोजायचे असतात दिवस.

ग्रीन कार्ड नसेल तर निवासी ठरायला १८३ दिवसांची कसोटी आहे: या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एकतृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एकषष्ठांश, शिवाय या वर्षी किमान ३१ दिवस. आयुष्यात पहिल्यांदाच आला असाल तर हिशेब सोपा. २ जुलैला किंवा त्याआधी उतरलात आणि ३१ डिसेंबरपर्यंत इथेच राहिलात, तर १८३ भरतात आणि उतरल्या दिवसापासून तुम्ही निवासी. त्याआधीचा भारतातला पगार अमेरिकेच्या हिशेबात येत नाही. असं वर्ष दुहेरी असतं, अर्धं अनिवासी आणि अर्धं निवासी, आणि अशा रिटर्नवर स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. घरबसल्या भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे विचारलंच जाईल याची खात्री नाही. विवाहित असाल आणि नवरा-बायकोने वर्षभराचे निवासी म्हणून एकत्र भरायचा पर्याय घेतलात तर डिडक्शन मिळतं. मात्र त्याची किंमत म्हणून दोघांचं पूर्ण वर्षाचं, भारतातल्या पगारासकट उत्पन्न दाखवावं लागतं. कधी हे फायद्याचं पडतं, कधी नाही. कागदावर दोन्ही मांडून बघायला तासभर लागतो, तो काढावा.

निवासी होण्याआधी कमावलेला आणि निवासी झाल्यावर हातात आलेला पैसा मात्र सुटत नाही. जुन्या कंपनीने फुल अँड फायनलचे पैसे, रजेचा मोबदला, बोनस असं तुम्ही इथे उतरल्यावर खात्यात टाकलं, तर ते इथल्या रिटर्नमध्ये येतं. आयआरएसच्या ५१९ क्रमांकाच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. शक्य असेल तर एचआरच्या मागे लागून विमानात बसण्याआधी हिशेब मिटवून घ्या.

आणि १ ऑक्टोबरला एच-वन सुरू होणाऱ्यांची तर गंमतच असते. त्यांचे इथले दिवस भरतात ९२. साहजिकच ते त्या वर्षी अनिवासी, फॉर्म १०४०-एनआर, आणि भारतातलं उत्पन्न इथे दाखवायचं नाही. ते खूश होतात. पण १ एप्रिलपासून भारतात मोजत गेलात तर १८२ वा दिवस येतो २९ सप्टेंबरला. तोवर भारतात असलात, तर त्या आर्थिक वर्षापुरते तुम्ही भारताचे निवासी, आणि ऑक्टोबर ते मार्चचा अमेरिकेतला पगार भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. तिकीट दोन दिवस अलीकडचं काढलं असतं तर हे टळलं असतं, असं सांगितल्यावर माणसाचा चेहरा जो होतो तो मी बऱ्याचदा पाहिलाय.

बाकीचे समज झटपट उरकते.

भारतातले म्युच्युअल फंड इथल्या फंडांसारखेच धरले जातात: नाही. कायद्याच्या लेखी त्या परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्या आहेत. सगळ्यांची किंमत मिळून २५ हजार डॉलरच्या वर, जोडप्याला ५० हजारांच्या वर गेली की प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१, आणि नफ्यावरचा कर सगळ्यात वरच्या दराने व्याजासकट लागू शकतो. एसआयपी चालू ठेवायची का, हे निघण्याआधी ठरवा.

आई-वडिलांनी पैसे पाठवले तर टॅक्स: नाही. पण वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेले तर फॉर्म ३५२० भरून कळवायचं असतं.

विद्यार्थ्यांनाही हेच सगळं लागू: एफ-वनवरची पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवस मोजलेच जात नाहीत. म्हणून भारतातलं उत्पन्न इथे नाही. शिवाय कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही.

तिकडच्या सीएने दिलेला कागद इकडे तसाच चालतो: चालत नाही. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. बँकेकडून व्याजाचा तपशील महिन्यानुसार मागवावा लागतो. भाड्यातून भारतात मिळणारी सरसकट तीस टक्क्यांची सूटही इथे नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष खर्च आणि घराचा घसारा धरतात.

राहिला एफबार, म्हणजे परदेशातली खाती कळवायचा फॉर्म. दहा हजार डॉलर प्रत्येक खात्यात असतील तरच, असं निम्मे लोक धरून चालतात. मर्यादा सगळ्या खात्यांच्या बेरजेला आहे, आणि वर्षात एका दिवसापुरती ओलांडली तरी पुरे. ८५ च्या भावाने साडेआठ लाख रुपये झाले. बचत खातं, एफडी, पीपीएफ मिळून तेवढे सहज भरतात. हा फॉर्म रिटर्नसोबत जात नाही, अर्थखात्याकडे वेगळा ऑनलाइन जातो. मुदत १५ एप्रिल, न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढलेली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिटनर खटल्यात ठरवलं की अजाणता राहिलेल्या फॉर्मचा दंड दर खात्याला नाही, दर फॉर्मला. त्या गृहस्थांचा दंड २७ लाख २० हजार डॉलरवरून ५० हजारांवर आला. निकाल सुटला पाच विरुद्ध चार मतांनी, म्हणजे एका मताने.

यंदा हळदीकुंकवाला ज्याने मला बाजूला घेतलं होतं, त्याचा आठवड्याने फोन आला. वडिलांच्या सांगलीतल्या एफडीला त्याचं दुसरं नाव आहे. पैसे वडिलांचे, व्याज वडिलांचं, टॅक्सही तेच भरतात. तरी एफबारमध्ये ते खातं पूर्ण रकमेनिशी लिहावं लागेल, हे त्याने घरी सांगितलं आणि वडील भडकले. त्यांनी फोन हातात घेतला. "बाई, आयुष्यभराची पुंजी आहे माझी. ती तिकडच्या सरकारला का दाखवायची? त्यांनी कर लावला म्हणजे?"

"काका, कर लागत नाही. नुसतं कळवायचं असतं. व्याज तुमचंच, ते मुलाच्या उत्पन्नात धरत नाहीत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आणि नावच काढून टाकलं तर?"

"पुढच्या वर्षीचं वाचेल. या वर्षाचं भरावंच लागेल."

"बरं. खातेनंबर लिहून घ्या."

"मला नको, काका. मुलाला द्या."