एका थेंबात दोन महाराष्ट्र

बोटाच्या टोकाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब वर आला. केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढा. असे वीस थेंब जमवाल तेव्हा कुठे एक मिलीलिटर भरेल. आता सांगा, या एका दाण्यात लाल पेशी किती असतील?

सुमारे २५ कोटी!

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे या थेंबात दोन महाराष्ट्र बसतात आणि तरीही अडीच कोटी पेशी उरतात. त्या उरलेल्या जागेत २४ लाखांचे नागपूर शहर दहा वेळा बसवा.

डोळ्यांपुढे येत नाही ना? मग प्रत्येक पेशी दहा हजार पट मोठी करू. ती आपल्या नागपुरी संत्र्याएवढी रुंद होईल. त्याच मापाने साडेपाच फुटांचा माणूस मोठा केला, तर त्याची उंची भरेल जवळजवळ पावणेसतरा किलोमीटर. म्हणजे पाय सीताबर्डीत ठेवून तो आडवा झाला, तर डोके थेट कामठीत! आणि थेंबातली ती २५ कोटी संत्री? एकेक दीडशे ग्रॅमचे धरा, वजन होते ३७,५०० टन. दहा टनी ट्रकात भरा, ट्रक लागतील ३,७५०. कळमना बाजारातून हे ट्रक एकामागे एक उभे केले, तर रांग बुटीबोरीपर्यंत जाईल. एका थेंबाची!

थेंब सोडा, आता सगळे अंग घ्या. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २५ लाख कोटी लाल पेशी असतात. त्या एकीला एक लावून मांडल्या, तर ओळ होते १ लाख ८७ हजार किलोमीटरची. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरले, तर साडेबाराशे वेळा मुंबई-पुणे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घेतला, तर नागपूरहून निघून २६७ वेळा तो पुरा करावा लागेल. आणि हे सगळे तुमच्या-माझ्या अंगात आत्ता, हे वाचताना, फिरते आहे.

ही एवढी सेना टिकते किती? प्रत्येक पेशी १२० दिवस. म्हणून हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या पेशी घडवतो. सेकंदाला एक नागपूर शहर! तुम्ही ‘संत्रा’ म्हणेपर्यंत एक नागपूर तयार. दिवसाचा हिशेब २०,७३६ कोटी पेशी. पेशीला एक रुपया धरला, तर सुमारे ५५ हजार कोटींचा समृद्धी महामार्ग आपले शरीर तीन दिवसांच्या आत बांधून मोकळे होते.

आता या कारखान्यात एक चूक होऊ द्या. किती मोठी? आपल्या पेशीतल्या जनुकांची लिखावट तीनशे कोटींहून अधिक अक्षरांची आहे. पानावर दोन हजार अक्षरे आणि पाचशे पानांचा एक ग्रंथ, असे छापले तर तीन हजार ग्रंथ होतील. सेकंदाला एक अक्षर, न झोपता, न जेवता वाचत गेलात तरी ९५ वर्षे लागतील. या तीन हजार ग्रंथांत फक्त एक अक्षर बदलते. एकच! त्यामुळे हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या, साखळीतला सहावा मणी बदलतो आणि प्राणवायू कमी पडला की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. हाच सिकलसेल. विदर्भात हे नाव ठाऊक नसलेले गाव विरळाच.

अशी पेशी १२० दिवस नाही, दहा ते वीसच दिवस जगते. निरोगी पेशीने नागपूर ते मुंबई समृद्धीचा पूर्ण प्रवास केला असे धरा. ही पेशी ५८ ते ११७ किलोमीटरवर, वर्धा-अमरावतीच्या हद्दीतच, कायमची थांबते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू हात-पाय दुखतात म्हणून रात्र-रात्र रडते. ते रडणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना कुठलाच आकडा मोठा वाटणार नाही.

आजाराचा विळा १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांच्या लेखातून प्रथम जगापुढे आला. मध्य भारतातली नोंद शुक्ल आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. त्यानंतर ६५ वर्षांनी, १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. लक्ष्य ऐका: १७ राज्ये, चाळीस वर्षांपर्यंतची ७ कोटी माणसे, तीन वर्षे.

म्हणजे सुटीचा एकही दिवस न धरता रोज ६४ हजार माणसे. दीड हजार प्रवाशांची एक गाडी धरली, तर रोज ४२ भरलेल्या विदर्भ एक्स्प्रेस उभ्या करायच्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचे बोट टोचायचे. रात्रंदिवस काम चालले तरी मिनिटाला ४४ जण! ही बोटे टोचणाऱ्या हातांना, वाड्या-पाड्यांवर पायी जाणाऱ्या आशाताईंना माझा मनापासून नमस्कार.

आणि या ७ कोटी माणसांचे एकेक थेंब रक्त मिळून किती जमेल? ३,५०० लिटर! उन्हाळ्यात वस्तीवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर निम्मासुद्धा भरणार नाही. दहा फूट व्यासाच्या विहिरीत ओतले, तर उभ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याला लागेल. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला. सात कोटी माणसे आणि गुडघाभर विहीर!

२०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोक तपासून झाले. दोन लाखांहून जास्त ग्रस्त सापडले आणि १६ लाखांहून जास्त या जनुकाचे वाहक. हे १६ लाख रेल्वेत बसवा, १,०६६ गाड्या भरतील. गाडी साडेपाचशे मीटरची धरून त्या एकामागे एक लावल्या, तर नागपूर स्थानकापासून मनमाडच्या पुढे शेपूट जाईल. यातल्या बहुतेकांना काही दुखत नाही, खुपत नाही. तपासले नसते तर कळलेही नसते. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात, दर वेळी नव्याने, चारात एक शक्यता असते की बाळ ग्रस्त जन्मेल. साखर, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. हे जनुक मात्र बदलत नाही, म्हणून पक्के निदान झाले की ते जन्मभराचे. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी दोन्ही घरांनी तपासणीनंतर मिळालेले आपापले सिकलसेल कार्ड समोर ठेवले पाहिजे, आणि ते ठेवण्यात लाज कसली?

आता पुन्हा त्या थेंबाकडे या. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पेशी २५ कोटी. गुणाकार करा: ६७५ कोटी कोटी! सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात, तर २१४ कोटी वर्षे लागतील. पृथ्वीचे सगळे वय ४५४ कोटी वर्षे, म्हणजे जवळजवळ निम्मी पृथ्वी मोजण्यातच सरेल. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ताई काय करते? नळीतल्या द्रावणात थेंबाचा अंश टाकते, हलवते, पाच-दहा मिनिटे थांबते आणि नळीमागे रेघा ओढलेला कागद धरते. द्रावण गढूळ झाले आणि रेघा झाकल्या, तर वाहक की ग्रस्त हे ठरवायला पुढची तपासणी. एरवी त्या कोटी कोटी रेणूंच्या आरपार, साध्या डोळ्यांना, कागदावरच्या काळ्या रेघा स्वच्छ दिसतात.