दुकान आपले, पण कागद कोणाचा?

"दुकान कोणाच्या नावावर?" असे आम्ही व्यापारी-कारागीर बांधवांना विचारतो. उत्तर येते, "घरपट्टी अब्बांच्या नावे भरतो ना!" बंधूंनो, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. महाराष्ट्रातील शहरांत महापालिका कर घेते, दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार नगर भूमापन कार्यालय मिळकत पत्रिका ठेवते. तीन दप्तरे, कधी कधी तीन नावे! वारस नोंद राहिली की बँक कर्ज अडवते, भावंडांत वाद पेटतो. दप्तरांचा मेळ घालणे हे सरकारचे काम. ती मागणी आपण एकजुटीने लावून धरलीच पाहिजे. तोवर मिळकत पत्रिकेचा उतारा काढा, बहिणींसह सर्व वारस नोंदवा. आजचे हेलपाटे उद्याची कोर्टकचेरी टाळतील.