बोट चालत नाही? फॉइलची काडी करा

ई-पीक पाहणी भरताना बोट दाबूनही आकडा उमटत नाही, नाहीतर भलताच पडतो, असं बरेच सभासद सांगतात. ०.४० हेक्टरचं ४.० झालं तर पुढे विम्याला अडचण. बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. ही काच दाब ओळखत नाही, बोटातून जाणारी अगदी बारीक वीज ओळखते. घट्टे पडलेल्या, कोरड्या कातडीतून ती नीट जात नाही.

आधी काच पुसा, बोट किंचित ओलं करून बघा. तेवढ्यानं भागलं तर उत्तम.

नाही भागलं, तर कान साफ करायची कापसाची काडी घ्या. एक टोक कापून ती रिकाम्या पेनात बसवा, कापूस बाहेर ठेवा. पेनावर जेवण बांधायची ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. फॉइल कापसाच्या बुडाला टेकलीच पाहिजे आणि तुमची बोटं फॉइलवर पाहिजेत, सगळा खेळ एवढाच. कापसाला पाण्याचा एक थेंब लावा, टपकेल इतकं नको. वाळला की पुन्हा लावा. फॉइलची कड काचेला घासू देऊ नका.

रबरी हातमोजे घालून ही काडी चालत नाही. तसंही फवारणी चालू असताना फोन घरीच बरा.