बदल आणि पालट

हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंदा गावच्या शिवारात हळद निघाली की त्या रानात लगेच पुन्हा हळद लावणं शहाणपणाचं मानत नाहीत. कंदकूज मागे लागते. मग पीक पालटायचं. हळदीला घातलेलं शेणखत मातीत उरलेलं असतं, त्या बेवडावर पुढचं सोयाबीन जोमानं येतं. 'फेरपालट' हा कृषी खात्याच्या पत्रकातला शब्द इथल्या तोंडात आधीपासूनच आहे.

'पालटणे' हे घरचं क्रियापद. हेमचंद्राच्या 12व्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात 'पल्लट्ट' सापडतो, संस्कृत 'पर्यस्' धातूच्या जागी येणारा. अर्थ उलटणं, कलंडणं. कूस पालटते तेव्हा माणूस तोच असतो, फक्त बाजू दुसरी. खांदेपालटात पालखी तीच, खांदे दुसरे. मंत्रिमंडळाच्या बातमीत हा शब्द वाचताना ओझं कुणाच्या लक्षात येतं कोण जाणे!

'बदलणे' मात्र बाहेरून आलं, अरबी 'बदल'मधून, फारसीच्या दप्तरातून. मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं. म्हणूनच जमीन गेली की 'मोबदला' मिळतो, गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी 'बदली' उभा राहायचा आणि मुंबईच्या शेअरबाजारात सौदा पुढे ढकलण्याच्या पद्धतीला 2001मध्ये ती बंद होईपर्यंत 'बदला' म्हणत. आपलं साधं 'बद्दल'सुद्धा त्याच घरातलं. आधी 'च्या मोबदल्यात', मग 'च्यासाठी', आणि आता नुसतं 'विषयी'. 'ऐवजी'ची कथाही अशीच, 'इवज' म्हणजे मोबदला.

गंमत अशी की इंग्रजांचं 'चेंज'ही त्यांचं स्वतःचं नाही. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून ते आलं. त्यामागे उत्तर लॅटिनचं 'कांबियारे', म्हणजे देवाणघेवाण करणं, आणि त्याही मागे बहुधा केल्टिक मूळ. सुट्ट्या पैशांना ते आजही चेंज म्हणतात, तिथे बाजार अजून जिवंत आहे. दोन्हीकडे राज्यकर्त्यांची भाषा आली आणि वस्तू देऊन वस्तू घेण्याचा शब्द सगळ्या स्थित्यंतराचा शब्द होऊन बसला.

कुरुंद्यानं हा बाजार प्रत्यक्ष पाहिला. निजामी मुलखात हैदराबादचा हाली रुपया चाले, इंग्रजी मुलखात कलदार. दर साधारण 7 हालीला 6 कलदार. सरहद्द ओलांडणाऱ्याला रुपया बदलावाच लागे. पुढे गावाचा पत्ताही तसाच बदलत गेला: 17 सप्टेंबर 1948ला निजामी संपली, 1956ला मुंबई राज्य, 1960ला महाराष्ट्र, आणि 1 मे 1999ला परभणीच्या जागी हिंगोली जिल्हा. गाव मात्र वसमत तालुक्यात जागच्या जागी. नरहर कुरुंदकरांच्या आडनावात ते मराठी वाचकाला भेटत राहिलं.

छापील मराठीत आज दोन्ही क्रियापदं सरमिसळ वापरतात. मी स्वतःही वापरतो. 'हवापालट'मध्ये तर अरबी हवा आणि प्राकृत पालट गुण्यागोविंदानं नांदतात. तरी माझ्या कानाला शेतातला फरक अजून ऐकू येतो. 'रान पालटलं' म्हणजे त्याच मातीत दुसरं पीक. 'रान बदललं' म्हटलं, की आधी विचारावंसं वाटतं: कुणाशी केली अदलाबदल, आणि फेरफार झाला का?