लिव्हरवर 'डी' दिसतोय, पण खाली गिअरबॉक्स कुठला आहे?

आजचा भाग जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांवर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

आपल्या संगमनेरमध्ये सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की नजर दोन दिशांना जाते, पुणे आणि नाशिक. तिथल्या ट्रॅफिकला कंटाळून लोकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक घेतल्या, त्याच आता विकायला निघाल्यात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'ऑटोमॅटिक, टॉप कंडिशन'. पण ऑटोमॅटिक ही एक वस्तू नाहीच. त्या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं येतात. त्यांचं ऑइल वेगळं, दुखणं वेगळं आणि दुरुस्तीचा खर्चही वेगळा. म्हणून माझं म्हणणं सोपं आहे: पैसे द्यायच्या आधी आणि ऑइल बदलायच्या आधी गिअरबॉक्स नेमका कुठला, ते ओळखा.

आधी चार प्रकार बघू.

पहिला, टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच नसतो, ऑइलने भरलेला एक डबा असतो. इंजिन ऑइल फिरवतं आणि ऑइल पुढचं चाक फिरवतं. म्हणून ब्रेक सोडला की गाडी अलगद सरकते.

दुसरा, सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर स्टीलचा पट्टा असतो. पुली रुंद-अरुंद होते, तसा वेग बदलतो.

तिसरा, एएमटी. हा आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून हा प्रकार आपल्याकडे रुळला.

चौथा, दोन क्लचचा. १, ३, ५ असे विषम गिअर एका क्लचवर, सम गिअर दुसऱ्यावर. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून बदल झटक्यात होतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा याला डीएसजी म्हणतात.

लिव्हर किती सांगतो?

अर्धंच सांगतो. लिव्हरवर 'पी' नसेल, नुसतं आर, एन आणि डी किंवा ए, शिवाय एम असेल, तर ती बहुतेक एएमटी. लिव्हरच्या बाजूला 'ओ/डी' लिहिलेलं छोटं बटण असेल, तर तो बहुधा जुना ४ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. पण पी, आर, एन, डी, एस असं दिसलं तर? तिथे लिव्हर काहीच पक्कं सांगत नाही.

फोक्सवॅगन व्हेंटो घ्या. सुरुवातीच्या १.६ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता. २०१३ मध्ये १.२ टीएसआय आली, तिच्यात ७ गिअरचा डीएसजी. २०२० मध्ये १.० टीएसआय आली आणि तिच्यात पुन्हा ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर! नाव तेच, आकार जवळपास तोच, लिव्हरही दिसायला तसाच. आता विक्रेता नुसतं 'व्हेंटो ऑटोमॅटिक' म्हणाला, तर तुम्हाला काय कळलं? काहीच नाही.

होंडा सिटीची गंमत तर उलटीच आहे. आपल्याला वाटतं सीव्हीटी म्हणजे नवीन गाडी. पण जुन्या सिटी झेडएक्समध्ये सीव्हीटी होता. २००८ मध्ये आलेल्या पुढच्या सिटीत ५ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. मग २०१४ च्या सिटीत परत सीव्हीटी. म्हणजे 'जुनी आहे, त्यामुळे साधा ऑटोमॅटिकच असणार' हा हिशोब इथे सपशेल फसतो.

ह्युंदाई व्हर्नाने तर २०२० मध्ये एकाच वेळी तीन प्रकार दिले. १.५ पेट्रोलला सीव्हीटी, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर आणि १.० टर्बोला दोन क्लचचा.

मग ओळखायचं कसं?

मी हा क्रम पाळतो.

एक, आरसी. त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं. मॉडेलच्या नावात बऱ्याचदा एटी, सीव्हीटी, डीएसजी अशी अक्षरं सापडतात. इंजिन कितीचं आहे, तेही तिथेच बघा.

दोन, गिअर मोजा. मॅन्युअल मोड असेल तर मोकळ्या रस्त्यावर एकेक गिअर वर टाका आणि मीटरमध्ये सगळ्यात मोठा आकडा कुठला येतो ते बघा. व्हेंटोमध्ये ६ वर थांबला तर टॉर्क कन्व्हर्टर, ७ आला तर डीएसजी. पण सीव्हीटीवर ही युक्ती चालत नाही. २०१४ च्या सिटीच्या वरच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, ते ७ गिअर दाखवतात. ते खोटे गिअर, सॉफ्टवेअरने पाडलेल्या पायऱ्या.

तीन, चढावर चालवा. आपल्याकडे चंदनापुरी घाट आहेच. चढावर ॲक्सिलरेटर दाबा आणि आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. (काटा शेजारी बसलेल्याने बघायचा, तुम्ही रस्ता बघा!) टॉर्क कन्व्हर्टर गिअर खाली टाकतो, काटा टुणकन वर जातो आणि गाडी ओढते. सीव्हीटीत काटा वर जाऊन तिथेच राहतो, वेग मात्र मागून वाढत राहतो. एएमटीत गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते, मान पुढे जाते. दोन क्लचच्यात बदल जाणवतही नाही. 'ब्रेक सोडल्यावर सरकते का', एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका. काही एएमटींनाही तसं सरकायला शिकवलेलं असतं.

चार, स्टिकर. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात माहितीचा स्टिकर असतो. त्यावर इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा कोड असतो. मोबाइलने स्वच्छ फोटो काढून ठेवा. पार्ट मागवताना नावापेक्षा हा कोड जास्त कामाला येतो.

स्कोडा ऑक्टाव्हियाकडे बघा, म्हणजे कोड का लागतो ते कळेल. २०१३ च्या पिढीत १.८ पेट्रोलला ७ गिअरचा डीएसजी आणि २.० डिझेलला ६ गिअरचा डीएसजी. दोन्ही डीएसजीच! पण ७ वाल्याचे क्लच कोरडे, ६ वाल्याचे ऑइलमध्ये बुडालेले. म्हणूनच ६ वाल्याचं ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलावंच लागतं. ती गाडी घेताना बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च भावातून वजा करून बोला.

ऑइलवर इतका जोर का?

सीव्हीटीच्या ऑइलचं काम नुसतं वंगणाचं नाही. पुली आणि पट्ट्याची पकड त्याच्यावर अवलंबून असते. त्यात साधं ऑटोमॅटिकचं ऑइल पडलं तर पट्टा घसरायला लागतो, पुलीवर चरे पडतात, आणि मग बहुतेक वेळा अख्खा गिअरबॉक्सच खोलावा लागतो. होंडाचंच बघा: सिटीच्या ५ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरला डीडब्ल्यू-१ लागतं, २०१४ च्या सीव्हीटीला एचसीएफ-२. दोन्ही सिटीच, पण डबा वेगळा.

आपल्याकडचे मिस्त्री इंजिनाचं काम झकास करतात. पण त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या मॅन्युअल. त्यामुळे 'ऑटोमॅटिकचं ऑइल टाका' एवढंच सांगून दुकानातून निघू नका. गाडीच्या हँडबुकमधलं ऑइलचं नाव दाखवा आणि डब्यावर तेच नाव आहे ना, ते स्वतः वाचा. हँडबुक हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर ते मिळतं, फोनमध्ये उतरवून ठेवा.

तर मंडळी, गाडी बघायला जाताना चार गोष्टी विसरू नका: आरसी, गिअरचा आकडा, चढावरची फेरी आणि स्टिकरचा फोटो. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. आणि विक्रेता चढावर न्यायला किंवा डिकी उघडायला कां-कू करत असेल, तर हात जोडा आणि पुढची गाडी बघा. भेटू पुढच्या भागात!