डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला म्हणजे हवा भरली असं नाही!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मामेभावाच्या वलिम्यासाठी आम्ही फजरनंतर लगेच संभाजीनगरहून जालन्याला निघालो. गाडी भाईजान चालवत होते. मागे अम्मी, माझी बायको आणि दोन मुलं. गाडी सुरू होताच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. वीसेक मिनिटांनी तो आपोआप विझला. भाईजान म्हणाले, "सेन्सर खराब है, रोज सुबह ऐसाच करता." संध्याकाळी परतताना मगरिबसाठी थांबलो आणि मागचा डावा टायर पाहिला, तर अर्धा बसलेला. त्यात एक छोटा स्क्रू रुतला होता. सेन्सर बिचारा रोज खरं सांगत होता, आम्हीच ऐकत नव्हतो.

दिवा लागून विझतो का?

टायर गरम झाला की आतली हवा प्रसरण पावते आणि दाब वाढतो. थंड झाला की दाब उतरतो. साधारण सहा अंश सेल्सिअसला एक पीएसआय, असा ढोबळ हिशेब आहे. दुपारी 36 अंशांत भरलेली हवा पहाटे 12 अंशांत तपासली, तर काट्यावर चारेक पीएसआय कमी दिसते. त्यात बारीक पंक्चर असेल तर सकाळी दिवा लागणारच. मग गाडी धावते, टायर तापतो, दाब थोडा वर येतो आणि दिवा विझतो. स्क्रू मात्र तिथेच असतो.

बऱ्याच गाड्यांत हवा ठरलेल्या दाबापेक्षा साधारण 25 टक्के कमी झाल्यावरच हा दिवा लागतो. म्हणजे 33 पीएसआय हवी असेल, तर 25 च्या आसपास आल्यावर. तेव्हा दिवा लागला म्हणजे हवा "जराशी" नाही, बरीच कमी झालेली असते.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा

हा फरक नीट लक्षात ठेवा. दिवा लागून स्थिर राहिला तर एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत यंत्रणेतच बिघाड असतो.

यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते. ती संपली, टायर काढताना सेन्सर तुटला किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावली, की दिवा लुकलुकतो. दुसऱ्या प्रकारात चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते इतरांपेक्षा जास्त वेळा फिरतं आणि एबीएसची यंत्रणा तो फरक ओळखते. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेट करावंच लागतं, नाहीतर दिवा जात नाही. पण आधी हवा, मग रीसेट. कमी हवेवर रीसेट केलं तर गाडी तोच दाब बरोबर धरून बसते.

घरी काय तपासाल?

1. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणावर स्टिकर असतो. हवा त्यानुसार भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. पूर्ण कुटुंब आणि सामान असेल, तर स्टिकरवरचा जास्त वजनाचा आकडा घ्या.

2. गाडी किमान तीन तास उभी असताना, थंड टायरवर तपासा. स्वतःचा छोटा गेज घेऊन ठेवा.

3. एकाच टायरची हवा पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर साबणाचं पाणी लावा. खिळ्याची जागा, व्हॉल्व्ह आणि रिमची कड, तिन्ही ठिकाणी. जिथे बुडबुडे, तिथे गळती.

4. पंक्चरवाल्याला टायर उघडण्याआधीच सांगा, "भाई, अंदर सेन्सर है." व्हॉल्व्हजवळ पाना घातला तर सेन्सर तुटतो.

5. स्टेपनीची हवाही पाहा. 2020 मध्ये नियम बदलले. टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे की फक्त किट, हे निघण्याआधी बघून घ्या.

उन्हाळ्यातला मोठा गैरसमज

आता सुट्ट्या सुरू होतील. कुणी समृद्धी महामार्गाने नागपूरकडे निघेल, कुणी कोकणात. "रस्ता तापतो, टायर फुटेल, हवा कमी ठेवा," असा सल्ला हमखास मिळतो. तो उलटा आहे. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, प्रत्येक फेरीत त्याच्या बाजू दुमडतात आणि त्या दुमडण्यानेच तो आतून तापतो. सिमेंटच्या रस्त्यावर, भरल्या गाडीत, ताशी शंभरच्या वेगाने तासभर हेच चाललं की टायर फुटतो. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआय वाढलेला दिसला, तर घाबरून हवा सोडू नका. ती वाढ कंपनीने धरलेली असते.

धावत्या गाडीत दिवा लागला तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरवा, इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा. चारही इंडिकेटर चालू ठेवा. घरच्यांना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभं करा. मदतीसाठी 112 आहे, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

सफरची दुआ आपण मुलांना शिकवतो, शिकवायलाच हवी. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, हेही आपल्यालाच शिकवलं आहे. भाईजान आता दर जुम्याला सकाळी गेज घेऊन खाली उतरतात. पाच मिनिटं लागतात.