चिमूटभर हिंग अन् अख्खी आमटी बाद! ज्यूंच्या ‘पेसाख’मध्ये स्वयंपाकघरात नेमकं काय चालतं, काय नाही?

तुमच्या घरातली हिंगाची डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचून पाहा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बांधणी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. एरवी याकडे कुणी लक्ष देत नाही. पण ज्यू धर्मीयांच्या पेसाख सणात हीच चिमूट भांडंभर आमटी बाद करू शकते.

यंदा पेसाख १ एप्रिल २०२६ च्या सूर्यास्ताला सुरू होतोय. इस्रायलमध्ये तो सात दिवस, तर भारतासह इतर देशांत आठ दिवस पाळतात. मराठी बायबलमध्ये या सणाला ‘वल्हांडण’ म्हटलं आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटताना पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून तशीच भाकर भाजून घेतली, अशी त्यामागची कथा.

नियम नेमका काय आहे?

गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट ही पाच धान्यं. यांच्यापैकी कशाच्याही पिठाला पाणी लागलं आणि ते तसंच राहिलं, की ते ‘हामेत्झ’ म्हणजे खमीर धरलेलं. ते खायचं नाही, एवढंच नव्हे तर घरात ठेवायचंही नाही. पाव, पोळी, रवा, शेवया, बिअर सगळं बाहेर. त्याऐवजी ‘मात्झा’ ही बेखमीर भाकर. पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे. घड्याळ लावून करायचा हा बहुधा जगातला सर्वात जुना पदार्थ असावा!

इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. बंदी आंबवण्यावर नाही, तर या पाच धान्यांच्या आंबण्यावर आहे. म्हणून द्राक्षाची वाइन चालते, पण जवाची बिअर नाही. दही चालतं. सोया सॉसमध्ये मात्र सहसा गहू असतो, त्यामुळे तो नाही.

भात खायचा की नाही?

खरा वाद इथे आहे. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी मध्ययुगापासून तांदूळ, मका, डाळी हेही वर्ज्य केलं. या गटाला ‘कितनियोत’ म्हणतात. कारण म्हणजे ही धान्यं गव्हाबरोबर साठवली जातात, दळली जातात, घोटाळा होऊ शकतो. सेफार्दी आणि मध्यपूर्वेतल्या अनेक ज्यूंनी हे बंधन कधी घेतलंच नाही. गंमत म्हणजे काही ठिकाणी छोले टाळतात, कारण ‘हुमुस’ हा शब्द ‘हामेत्झ’सारखा ऐकू येतो. अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ मध्ये आपल्या अनुयायांना कितनियोत खायला परवानगी दिली.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली भात खाणारेच. पेण, नवगाव, दिवे या गावांवरून पेणकर, नवगावकर, दिवेकर झालेले हे मराठी ज्यू. भातच काढून टाकला तर कोकणात आठ दिवस जेवणार काय? तांदूळ आधीच निवडून ठेवायचे, त्यात गव्हाचा एकही दाणा येता कामा नये, एवढी काळजी घेतात. मात्र लग्नानंतर एका घरात भात खाणारे आणि न खाणारे दोघेही आले, तर टेबलावर काय ठेवायचं हा प्रश्न इस्रायलमधल्या कित्येक कुटुंबांत दरवर्षी नव्याने येतो.

जुन्या नोंदींत बेने इस्रायलींच्या या सणाचं नाव ‘अनशी ढाकाचा सण’ असं सापडतं. ‘अनस’ म्हणजे चटणीसारखा वापरायचा आंबट द्रव. त्याचं भांडं सणात झाकून ठेवायचे. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या सचित्र मराठी-हिब्रू हगादामध्ये (सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) साडी नेसलेल्या बायका मात्झा करताना दाखवल्या आहेत.

मग चव आणायची कशी?

तयार मसाल्यांवर भरवसा नसतो. गोडा मसाला, सांबार मसाला, लोणचं, सगळ्यांत हिंग असू शकतो. त्यामुळे खडा मसाला आणून घरीच कुटायचा किंवा सरळ ओलं वाटण करायचं. आमच्या मते या सणाचं जेवण चविष्ट होण्याचं कारणच हे आहे. पाकीट फोडायची सोयच नाही.

दुसरा नियम वर्षभराचा, कोशेरचा. मांस आणि दूध एकत्र नाही. चिकनलाही तो लागू होतो, त्यामुळे दही, साय, तूप बाद. तिथे नारळ कामाला येतो. अर्धा किलो कोशेर चिकनसाठी कोथिंबिरीची एक जुडी, सहा-सात हिरव्या मिरच्या, आलं, लसूण आणि चमचाभर जिरं वाटून घ्या. तेलात दोन कांदे परता, वाटण आणि हळद घालून तेल सुटेपर्यंत भाजा. मग चिकन, बटाट्याच्या फोडी आणि नारळाचं पातळ दूध घालून शिजवा. घट्ट दूध शेवटी, आच मंद करून. उकळी फुटली तर ते फाटतं. वरून लिंबू.

मासे हवे असतील तर हेच वाटण पापलेटाला किंवा बांगड्याला लावा. पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा कोशेर, त्यामुळे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या कधीच नाहीत.

गोडासाठी ‘हारोसेत’. युरोपात ते सफरचंद, अक्रोड आणि वाइनचं करतात. भारतीय ज्यू घरांत खजुराचं. पाव किलो बिनबियांचा खजूर पाण्यात मऊ शिजवा, गाळा, मध्यम आचेवर पाक दाट होईपर्यंत आटवा, वरून अक्रोडाचा चुरा. गुलामीत बांधकामासाठी कालवलेल्या चिखलाची ही आठवण. ताटात शेजारी कडू पालाही असतो.

ओळखीच्या ज्यू घरी या आठवड्यात काही न्यायचं ठरवलंच, तर घरी केलेला पदार्थ नको. तुमच्या कढईत कालच पोळ्यांचा चुरा परतला असेल. फळं न्या, अख्खी.